भुतं दिसणारा क्वार्टरबॅक

फेब्रुवारी २०२६ मध्ये सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, झाला, सिएटल सीहॉक्सनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सना हरवलं आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे निम्म्या लोकांना सुपर बोल हा डिनर सेटमधला प्रकार वाटतो, तिथेही एक फॉरवर्ड येऊन पडला. सिएटलचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, सॅम डार्नोल्डचा फोटो, मागे सूर्योदय, आणि मजकूर असा की जगाने याला नाकारलं, हा पाच टीम फिरला, पण याने हार मानली नाही म्हणून आज चॅम्पियन. खाली अंगठ्यांची रांग.

मला त्यातलं 'म्हणून' खटकलं. हार न मानणारे ढिगाने असतात हो, त्यातले बहुतेक तरीही हरतात, त्यांचे फोटो सूर्योदयाला लावून कोणी पाठवत नाही एवढंच. डार्नोल्डच्या बाबतीत नक्की काय बदललं हे बघायचं तर २१ ऑक्टोबर २०१९ च्या सोमवारी रात्री जावं लागेल. तेव्हा तो न्यूयॉर्क जेट्सकडे होता, करिअरचं दुसरं वर्ष, आणि समोर हेच पेट्रियट्स. मॅच ३३-० अशी हरले, पोराने ३२ थ्रोपैकी फक्त ११ पोचवले आणि ४ थेट समोरच्यांच्या हातात दिले. त्या दिवशी टीव्हीवाल्यांनी त्याच्या अंगावर माइक लावलेला होता, आणि बाकावर बसून तो जे बोलला ते अख्ख्या अमेरिकेने ऐकलं. "मला भुतं दिसतायत." नंतर वर्षभर लोकांनी त्याला त्यावरून पिडलं, भुतांची चित्रं काय, टी-शर्ट काय.

पण माझ्या मते तो त्या सीझनमधला सगळ्यात शास्त्रीय रिपोर्ट होता. त्याला खरंच भुतं दिसत होती. ही भुतं कुठून येतात, कोण घालतं ती डोक्यात, हे एकदा कळलं की नवा क्वार्टरबॅक घडतो कसा आणि बिघडतो कसा याचा अर्धा हिशोब लागतो.

ज्यांना फुटबॉल म्हटल्यावर मेस्सी आठवतो त्यांच्यासाठी पटकन. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. प्रत्येक प्रयत्नाला मधला माणूस, म्हणजे सेंटर, बॉल पायांमधून मागे देतो, तो क्वार्टरबॅक घेतो, चारपाच पावलं मागे जातो आणि पुढे पळणाऱ्या आपल्या रिसीव्हरांपैकी एकाला फेकतो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड माणसं उभी असतात, एकेक सव्वाशे ते दीडशे किलोचा, त्यांना ऑफेन्सिव्ह लाईन म्हणतात आणि त्यांचं काम एकच, समोरून येणाऱ्यांना अडवणं. अडवता आलं नाही आणि बॉल हातात असताना क्वार्टरबॅक आडवा झाला की तो सॅक. आणि अजून एक गोष्ट, जी पुढे फार लागणार आहे: कॉलेजमधून पोरं निवडण्याची जी ड्राफ्ट नावाची पद्धत आहे तिच्यात आदल्या वर्षी सगळ्यात शेवटी आलेल्या टीमला पहिला नंबर मिळतो. म्हणजे बोर्डात पहिला आलेला पोरगा नियमाप्रमाणे सगळ्यात पडक्या शाळेत जाणार. हेतू चांगला आहे, सगळ्या टीम बरोबरीत याव्यात म्हणून, पण त्या पोराच्या मेंदूचा विचार त्यात कोणी केलेला नाही.

आता मेंदूकडे येऊ.

बॉल हातात आल्यापासून तो सुटेपर्यंत साधारण अडीच ते पावणेतीन सेकंद मिळतात. हात मागे नेऊन बॉल सोडण्याची क्रियाच जवळपास अर्धा सेकंद खाते. बॉल ताशी ८५-९० किलोमीटरने गेला तर १८ मीटरवर पोचायला त्याला पाऊण सेकंद लागतो आणि तेवढ्यात रिसीव्हर आरामात सहा मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे माणूस मोकळा दिसला आणि मग फेकला असं करून चालतच नाही, तोपर्यंत उशीर झालेला असतो, तो मोकळा होणार आहे हे आधी ओळखून, कित्येकदा तो वळायच्या आधी, रिकाम्या जागेत बॉल टाकावा लागतो. आपल्याला हे क्रिकेटमुळे कळायला सोपं आहे. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी २००० साली बॅट्समनच्या डोळ्यांवर कॅमेरे लावून दाखवलं होतं की चांगला बॅट्समन बॉलकडे अखंड बघतच नाही, 'बॉलवर नजर ठेव' हा कोचचा मंत्र तो चक्क मोडतो. तो सुटतानाचा बॉल बघतो आणि मग डोळे उडी मारून टप्पा जिथे पडणार तिथे आधीच जाऊन थांबतात, आणि ही उडी चांगल्या खेळाडूची लवकर पडते. अंदाज आधी, दिसणं नंतर. फरक एवढाच की बॅट्समनला एक बॉल बघायचा असतो आणि क्वार्टरबॅकला तीनचार रिसीव्हर, सातेक डिफेंडर आणि अंगावर येणारे चार राक्षस.

आता जरा हात लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. साधारण तेवढ्याच भागात, नख आणि थोडं आजूबाजूला, तुम्हाला खरं स्पष्ट दिसतं, बाकी सगळं जग धूसर असतं आणि ते स्पष्ट असल्याची थाप मेंदू मारत असतो. दृष्टिपटलाच्या मधोमध एक छोटासा खड्डा असतो, फोव्हिया, तिथेच बारीक बघणाऱ्या पेशींची गर्दी आहे. त्यामुळे मैदानाच्या डाव्या टोकाला एक, मध्ये एक, उजवीकडे एक असे तीन रिसीव्हर बघायचे तर डोळ्यांना तीन उड्या माराव्याच लागतात, उडी चालू असताना जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि उतरल्यावर काय दिसतंय ते समजायला आणखी पाव सेकंद धरा. त्यात 'हा घेऊ की पुढचा बघू' हा निर्णय. एका रिसीव्हरचा हिशोब अर्ध्यापाऊण सेकंदाला बसतो. अडीचमधून फेकण्याचा अर्धा वजा करा, उरले दोन. म्हणजे तीन माणसं, कशीबशी. याला तिथे प्रोग्रेशन म्हणतात, पहिला, दुसरा, तिसरा, ठरलेल्या क्रमाने, आणि तो क्रम पायाला बांधलेला असतो, पाचवं पाऊल टेकलं की पहिला, छोटी उडी मारली की दुसरा. पाय म्हणजे घड्याळ. तबल्याच्या मात्रेवर हात पडावा तसं.

आता लाईन कच्ची असेल आणि अडीचऐवजी दोनच सेकंद मिळाले तर काय गेलं? वरवर अर्धा सेकंद. प्रत्यक्षात गेला तो तिसरा माणूस. अख्ख्या सीझनमध्ये तिसऱ्याकडे बघायची वेळच येत नाही. एका सीझनमध्ये १७ मॅच, मॅचला पस्तीसेक वेळा फेकायला मागे जाणं, म्हणजे झाली सहाशे गणितं. कच्च्या लाईनमागे त्यातली समजा दोनशे-अडीचशे अर्ध्यात पाटी हिसकावून घेतल्यासारखी संपली. सॅक झाला तर लागतं, हाड मोडतं, ते सगळ्यांना दिसतं. पण त्या गणिताचं उत्तर बरोबर आलं असतं की चूक हे त्या पोराला कधीच कळत नाही, हे कोणाला दिसत नाही. आणि मला या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. मेंदू शिकतो तो अंदाज आणि निकाल यांच्यातल्या फरकावर. मी म्हटलं हा मोकळा होईल, फेकला, झाला नाही, बॉल गेला, ठीक आहे, फरक नोंदवला, पुढच्या वेळी जरा बदलू. डोपामाइनच्या पेशी हेच काम करतात, बक्षीस मिळालं म्हणून खूश होणं हे त्यांचं काम नाही, अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा कमी मिळालं ते सांगणं हे आहे. निकालच आला नाही तर फरक कसला काढणार? रॉबिन होगार्थ नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी शिकण्याच्या परिस्थितीचे दोन प्रकार सांगितलेत, सोप्या भाषेत एक मायाळू आणि एक दुष्ट. मायाळू परिस्थितीत निकाल लगेच आणि स्वच्छ मिळतो, बुद्धिबळासारखा. दुष्ट परिस्थितीत निकाल उशिरा मिळतो, अर्धवट मिळतो किंवा चुकीचाच मिळतो, आणि तिथे माणूस वर्षानुवर्षं 'अनुभव' घेऊन पक्का चुकीचंच शिकतो.

तर भुतं. अंधारात दोरी बघून साप वाटणं हे आपल्याकडे तत्त्वज्ञानात शेकडो वर्षं चघळलेलं उदाहरण आहे, रज्जुसर्प. आता हेच गणितात मांडू, जरा धीर धरा. डोळ्यांच्या कडेने एक हालचाल जाणवली. ती आपल्याच लाईनमनची असेल किंवा अंगावर येणाऱ्याची. कडेची नजर धूसर, त्यामुळे पुरावा अर्धवट. मेंदू मग दोन गोष्टींचा गुणाकार करतो, पुरावा किती जोरदार आहे आणि मुळात अशा वेळी साप असण्याची शक्यता किती. दुसऱ्या गोष्टीला प्रायर म्हणतात. गावात काल तिघांना साप दिसला असेल तर तुमचा प्रायर चढलेला असतो आणि मग प्रत्येक दोरी वळवळते. त्याशिवाय एक उंबरठा असतो, किती खात्री झाली की उडी मारायची. दुसऱ्या महायुद्धातल्या रडारवाल्यांच्या अडचणीतून पुढे ही सगळी थिअरी उभी राहिली, पडद्यावरचा ठिपका विमान की पक्षी, आणि त्यात एक क्रूर नियम आहे: पुरावा तेवढाच असेल तर खोटे इशारे आणि हुकलेली विमानं हे दोन्ही एकदम कमी करता येत नाहीत, उंबरठा खाली आणला की विमान हुकत नाही पण पक्ष्यांवरही तोफा सुटतात. महिनोन्‌महिने मार खाल्लेल्या क्वार्टरबॅकचा प्रायर चढतो, उंबरठा उतरतो, आणि मग समोर कोणी नसतानाही तो पळायला लागतो, पाय वाजायला लागतात, नजर मैदानावरून खाली लाईनवर येते, आणि ती खाली आली की फोव्हिया रिसीव्हरवर नसतोच, म्हणजे मघाचं प्रोग्रेशनचं गणित संपलं. यात मनाचा कमकुवतपणा कुठे आला? त्याला ज्या परिस्थितीत खेळवलं त्या परिस्थितीचं अगदी बरोबर उत्तर आहे ते. डार्नोल्डला दिसलेलं भूत हे असलं.

भीतीने नजरेचा घेर आकसतो हेही जुनं आहे, ईस्टरब्रूकने १९५९ मध्ये मांडलेलं, ताण वाढला की माणूस कडेची माहिती आधी टाकून देतो. आणि नेमकी कडेचीच माहिती वापरून क्वार्टरबॅकला न बघता बाजूला सरकायचं असतं.

२६ डिसेंबर २०२४ ला मी शिकागोत सोल्जर फील्डवर होतो. ऑफिसातल्या एकाने सुट्टीला जाताना तिकिटं दिली म्हणून. शिकागो बेअर्स विरुद्ध सिएटल, ६-३ असा दळभद्री स्कोअर, आणि बेअर्सचा रूकी, म्हणजे पहिल्याच वर्षाचा, केलेब विल्यम्स, ड्राफ्टमधला पहिला नंबर, त्या रात्री सात वेळा सॅक झाला. दोन हातमोजे घालून दुर्बीण धरलेली, आणि दुसऱ्या हाफमध्ये मी बॉल बघणं सोडून फक्त त्याचं हेल्मेट कुठल्या दिशेला आहे ते बघत बसलो. सुरुवातीला हेल्मेट लांब बघायचं आणि बाजूला वळायचं. नंतर नंतर मला तरी असं वाटलं की ते लवकर खाली येतंय. मागच्या रांगेतला एक जण प्रत्येक वेळी ओरडत होता, फेक की, फेक की. त्या सीझनला विल्यम्स एकूण ६८ वेळा सॅक झाला, मध्येच नोव्हेंबरात ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला, म्हणजे हल्ल्याच्या चाली आखणाऱ्या कोचला, काढलं, मग हेड कोचलाही काढलं. टीम ५-१२, म्हणजे पाच जिंकल्या, बारा हरल्या.

आणि आमच्या ऑफिसात सर्वानुमते ठरलं की पोरगा बोगस आहे.

पुढच्या वर्षी बेन जॉन्सन कोच आला, लाईनच्या मधल्या तीनही जागांवर नवी अनुभवी माणसं आणली, दोन गार्ड आणि एक सेंटर. सॅक ६८ वरून २४ वर. टीम ११-६, डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकली. मजा म्हणजे त्याचे पूर्ण झालेल्या थ्रोंचे टक्के वाढले नाहीत, उलट थोडे उतरले, म्हणजे लाईन आणली की पोरगा आपोआप अचूक होतो असं काही नाही. पण आता गणितं पूर्ण होतायत.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सॅक हा फक्त लाईनचा दोष नसतो. बॉल धरून बसायची सवय असलेला क्वार्टरबॅक टीम बदलली तरी सॅक सोबत घेऊन जातो, आणि विल्यम्सही धरून बसायचाच. पण धरून का बसतो, तर बऱ्याचदा कोणाकडे बघायचं हे ठरत नसतं म्हणून. मदतीचा दुसरा भाग इथे येतो, आणि तो टीव्हीवर दिसत नाही.

१९५२ साली हिक नावाच्या माणसाने केंब्रिजमध्ये एक साधा प्रयोग केला. दहा दिवे, दहा बटणं, जो दिवा लागेल त्याचं बटण दाबा. दिवे दोन असले तर वेळ कमी, चार असले तर जास्त, आठ असले तर अजून जास्त, पण पर्याय दुप्पट झाले की वेळ दुप्पट होत नाही, दर दुपटीला साधारण सारखीच भर पडते. लॉगरिदम. म्हणजे वेळ हा पर्यायांच्या संख्येच्या बेस-दोन लॉगच्या प्रमाणात वाढतो, नेमकं म्हणायचं तर संख्येत एक मिळवून, कारण 'काहीच झालं नाही' हाही एक पर्याय धरायचा. लॉग शाळेत ज्यांनी ऑप्शनला टाकला त्यांनी एवढंच लक्षात ठेवा की कोचने आठ शक्यतांच्या दोन करून दिल्या तर दोन पायऱ्या वाचल्या, आणि वाचलेली प्रत्येक पायरी सेकंदाचा दहावा-सातवा भाग आहे, जो मघाच्या दोन सेकंदांत सोन्यासारखा असतो.

शक्यता कमी कशा करतात? एक रिसीव्हर बॉल सुटायच्या आधीच आडवा पळवायचा. त्याच्यामागे एक डिफेंडर पळाला तर ते माणसाला माणूस लावून खेळतायत, नाही पळाला तर जागा वाटून घेतल्यायत. एका हालचालीत निम्मी शक्यता खल्लास, तीही घड्याळ सुरू व्हायच्या आधी. किंवा बॉल रनिंग बॅकला, म्हणजे तो घेऊन पळणाऱ्याला, दिल्याचं नाटक करायचं, मधले डिफेंडर क्षणभर थबकतात, खिडकी उघडते. किंवा प्ले, म्हणजे ठरलेली चाल, असा रचायचा की अर्धंच मैदान बघावं लागेल. किंवा सेंटर अनुभवी असेल तर समोरून कोण येणार आणि कोणी कोणाला धरायचं हे तोच ओरडून ठरवतो, रूकीच्या डोक्यावरून एक अख्खं काम उतरतं. आणि कानात कोच असतोच, १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ आहे, पण पुढचा प्रयत्न सुरू करायच्या ४० सेकंदांच्या घड्याळावर १५ उरले की तो बंद पडतो. त्यानंतर पोरगा एकटा. नेमकी त्यानंतरच समोरचे आपली मांडणी बदलतात, ते काय मूर्ख नाहीत.

सरावात ही मदत करून ठेवता येत नाही का? थोडी येते. पण सरावात क्वार्टरबॅक वेगळ्या रंगाची, बहुधा लाल जर्सी घालतो, तिचा अर्थ याला हात लावायचा नाही. म्हणजे अंगावर दीडशे किलो येत असताना नजर वर ठेवणं ही जी मुख्य गोष्ट, ती फक्त मॅचमध्येच शिकता येते. पोहणं मैदानात शिकवून थेट विहिरीत ढकलायचं तसं.

आता दोनतीन पोरांकडे बघू. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स ही टीम नव्याने निघाली आणि त्यांनी पहिल्या नंबरला डेव्हिड कार घेतला. त्याच्या रक्षणासाठी टोनी बोसेली हा नावाजलेला टॅकल, म्हणजे लाईनच्या टोकाचा माणूस, घेतला होता, पण त्याच्या खांद्याच्या दुखापतीमुळे तो त्यांच्यासाठी एकही मॅच खेळला नाही. कार त्या वर्षी ७६ वेळा सॅक झाला, तो रेकॉर्ड अजून कोणी मोडलेला नाही आणि मोडू नये. तो कधी सावरलाच नाही. त्याआधी चार वर्षं, १९९८ मध्ये, इंडियानापोलिसने पेटन मॅनिंग घेतला आणि पहिल्या दिवसापासून खेळवला. त्याने त्या सीझनला २८ थ्रो समोरच्यांना दिले, तोही रूकींचा रेकॉर्ड, आणि टीम ३-१३. म्हणजे कागदावर कारइतकाच वाईट. पण सॅक फक्त २२. ते २८ थ्रो म्हणजे २८ पूर्ण सोडवलेली, लाल शाईने तपासून आलेली चुकीची गणितं होती, प्रत्येकाचा निकाल त्याने उभ्याने बघितला. कोऑर्डिनेटर टॉम मूर त्याच वर्षी आला आणि पुढे दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच राहिला. पुढचा सीझन १३-३.

मॅनिंग मुळातच वेगळ्या मातीचा होता असं कोणी म्हणेल, असेलही. म्हणून मला ॲलेक्स स्मिथची केस जास्त आवडते, कारण त्यात माणूस तोच राहिला आणि आजूबाजूचं बदललं. २००५ चा पहिला नंबर, सॅन फ्रान्सिस्को. पहिल्या सीझनला १ टचडाऊन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारा थ्रो, आणि ११ इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांच्या हातात गेलेले थ्रो. पहिल्या पाच वर्षांत त्याला पाच वेगळे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर मिळाले. आता हे काय असतं तर प्रत्येक कोऑर्डिनेटरची स्वतःची भाषा असते, तोच रूट, म्हणजे रिसीव्हरने पळायची वाट, एकाकडे आकड्याने, दुसऱ्याकडे फळाच्या नावाने, 'स्पायडर टू वाय बनाना' हे खरंखुरं प्लेचं नाव आहे, मी बनवलेलं नाही. जुनी भाषा विसरायला नवी शिकण्याइतकेच कष्ट पडतात, मेंदूत जुनं नव्याच्या वाटेत येतं, याला इंटरफिअरन्स म्हणतात, फोन नंबर बदलल्यावर महिनाभर जुनाच तोंडात येतो तो हाच. दर जूनला शाळेचं माध्यम बदललं तर दहावीला काय निकाल लागेल? लोकांनी स्मिथला 'बस्ट', म्हणजे फुसका बार, म्हणून कधीच निकालात काढलं होतं. मग २०११ ला जिम हार्बॉ आला, ऑफेन्स त्याच्याभोवती बसवला, आणि तोच स्मिथ १३-३ खेळला, अख्ख्या सीझनला इंटरसेप्शन ५.

आता थोडं विषयांतर, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. टीमवाल्यांना हे सगळं माहीत असूनही त्यांना एक चाचणी हवी असते जी पोराच्या आत काय आहे ते आधीच सांगेल. पूर्वी वंडरलिक नावाची होती, १२ मिनिटांत ५० प्रश्न, ती २०२२ मध्ये ड्राफ्टपूर्व चाचण्यांतून काढून टाकली. मग एस-टू नावाची कॉम्प्युटरवरची आली. २०२३ च्या ड्राफ्टआधी तिचे मार्क फुटले, ब्राइस यंगला शंभरात ९८ आणि सी. जे. स्ट्राउडला १८, असं बातम्यांत आलं. कंपनी म्हणाली फुटलेले सगळेच आकडे बरोबर नाहीत, पण तोपर्यंत टीव्हीवर स्ट्राउडच्या बुद्धीचं पोस्टमॉर्टेम करून झालं होतं. सीझन सुरू झाला आणि स्ट्राउडने ४,१०८ यार्ड, २३ टचडाऊन, ५ इंटरसेप्शन अशी रूकींमधली एक अफाट कामगिरी केली, तर यंग कॅरोलायनात ६२ वेळा सॅक झाला, त्याच्या कोचला अकरा मॅचनंतर घरी पाठवलं. आणि मग पुढच्या वर्षी स्ट्राउडची लाईन ढासळली, ५२ सॅक, इंटरसेप्शन १२, लगेच चर्चा की पहिलं वर्ष लक होतं का. डोकं तेच, हात तोच. आपल्याकडे मुलाच्या बोटांचे ठसे घेऊन तो इंजिनिअर होणार की गायक हे सांगणारे डीएमआयटीवाले हजारो रुपये उकळतात, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे क्लास निघाले, त्यात काडीचं विज्ञान नाही. एस-टू त्या लायनीतली नाही, तिथे निदान खरं काहीतरी मोजतात. पण मागची हौस तीच. झाड कसं येणार ते बीवरून सांगा, जमीन आम्ही बघणार नाही.

बरं, मग उपाय काय, पोराला बाकावर बसवा? इथे सगळे दोन नावं फेकतात. ॲरन रॉजर्स २००५ मध्ये २४ व्या नंबरला ग्रीन बेने घेतला आणि तीन वर्षं ब्रेट फार्वच्या मागे बसला. पॅट्रिक माहोम्स २०१७ मध्ये दहाव्या नंबरला कॅन्सस सिटीने घेतला, एक वर्ष बसला, दुसऱ्या वर्षी ५० टचडाऊन आणि सीझनचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. ऐकायला छान आहे. पण विज्ञानाच्या पहिलीतला विद्यार्थीही विचारेल की बाकावर बसवणं परवडतं कोणाला? ज्यांच्याकडे आधीच चांगला क्वार्टरबॅक आणि चांगली टीम आहे त्यांना. कॅन्सस सिटी आदल्या वर्षी १२-४ होती, दहावा नंबर त्यांनी मुद्दाम सौदा करून वर चढून मिळवला होता. मग पोराला बाकाने घडवलं की ज्या टीममध्ये तो बाक होता त्या टीमने? दोन्ही एकत्र आलेत, वेगळे काढता येत नाहीत, आणि बाकावर बसून पुढे काहीच न झालेल्यांची यादी कोणी पाठ करत नाही. बसल्यावर काही गोष्टी शिकता येतात, भाषा, आठवड्याचं रुटीन, फिल्म कशी बघायची. तिसरा रिसीव्हर शिकता येत नाही, त्यासाठी उभंच राहावं लागतं, अडीच सेकंद मिळतील अशा जागी.

डार्नोल्डचंही तसंच झालं. २०२३ ला तो सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॉक पर्डीच्या मागे बसला, म्हणजे ड्राफ्टमधल्या २६२ व्या, शेवटच्या नंबरच्या पोराच्या मागे, जो चांगल्या टीममध्ये पडल्यामुळे दुसऱ्याच वर्षी सुपर बोल खेळत होता. पुढच्या वर्षी डार्नोल्ड मिनेसोटाला गेला, तिथला कोच केव्हिन ओकॉनेल स्वतः क्वार्टरबॅक होता, १४ मॅच जिंकल्या. मग सिएटल, तिथे कोऑर्डिनेटर क्लिंट कुबियाक, जो सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या वर्षात त्याच स्टाफमध्ये होता, म्हणजे भाषा ओळखीची. त्या फॉरवर्डमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं.

आणि माहोम्स ज्याच्या मागे बसला तो क्वार्टरबॅक कोण, तर हाच ॲलेक्स स्मिथ. पाच वर्षांत पाच भाषा शिकलेला माणूस कॅन्सस सिटीत वर्षभर रोज सकाळी मीटिंगला बसायचा आणि शेजारी हा बावीस वर्षांचा पोरगा, आठवड्याची तयारी कशी करायची ते बघत. माहोम्सने नंतर बऱ्याचदा सांगितलंय की ते बघणंच त्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. ३१ डिसेंबर २०१७, डेन्व्हर, सीझनची शेवटची मॅच, प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, जागा पक्की झालेली म्हणून स्मिथला विश्रांती दिली आणि माहोम्सला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळवलं. चीफ्स, म्हणजे कॅन्सस सिटीची टीम, २७-२४ जिंकले. महिन्याभरात त्यांनी स्मिथला वॉशिंग्टनला देऊन टाकायचा सौदा केला.